बर्फावर मोटार का थांबत नाही?

डिसेंबर महिना आहे. नाताळच्या सुट्टीत मनालीला आलेल्या प्रवाशांच्या मोटारी सोलंग खोऱ्यातून अटल बोगद्याकडे निघाल्या आहेत. दुपारपासून बर्फ भुरभुरत आहे. उतारावर पुढची मोटार थांबली म्हणून मागच्या मोटारीचा चालक ब्रेक दाबतो. चाकांचे फिरणे तत्काळ बंद होते. मोटार मात्र थांबत नाही! चालत्या माणसाच्या वेगाने ती तशीच खाली घसरत राहते आणि पुढच्या मोटारीवर जाऊन आदळते.

हे दृश्य काल्पनिक असले तरी अतिशयोक्त नाही. डिसेंबर २०२४ मध्ये याच रस्त्यावर जोराच्या हिमवृष्टीमुळे शेकडो वाहने अडकून पडली होती आणि पोलिसांना रात्रीपर्यंत खपून प्रवाशांना बाहेर काढावे लागले होते. पूर्वी हा प्रसंग फारसा येत नसे. मनालीहून लाहौलमध्ये जायचे तर ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड ओलांडावी लागे आणि ती हिवाळ्यात कित्येक महिने बर्फाखाली बंद असे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० मीटर उंचीवरचा हा बोगदा म्हणजे सीमा रस्ते संघटनेच्या अभियंत्यांचे मोठेच कर्तृत्व आहे. पण त्यामुळे, ज्यांनी आयुष्यात कधी बर्फावर मोटार चालवली नाही असे मैदानी प्रदेशातील चालकही ऐन हिवाळ्यात बर्फाच्या रस्त्यावर येऊ लागले. त्यांत महाराष्ट्रातून गेलेली कुटुंबे पुष्कळ असतात.

अशा चालकांची मोटार नवी असते, ब्रेक उत्तम असतात आणि हातही सराईत असतो. मग मोटार थांबत का नाही? या प्रश्नाचे उत्तर नववी-दहावीच्या पदार्थविज्ञानात दडलेले आहे.

मोटार कोण थांबवते?

"ब्रेक मोटार थांबवतो," असे आपण सहज म्हणतो. ते पूर्ण खरे नाही. ब्रेक थांबवतो ते चाक. मोटार थांबते ती रस्ता आणि टायर यांच्यामधील घर्षणामुळे. न्यूटनचा पहिला नियम आठवा. बाहेरून बल लावल्याशिवाय गतिमान वस्तू थांबत नाही. ब्रेक हा मोटारीचाच एक भाग आहे. मोटारीला मागे ओढणारे बाहेरचे बल रस्त्याकडूनच मिळावे लागते.

हे बल मोटारीला किती जागेतून मिळते? ढोबळ हिशेब करू. समजा, माणसांसह मोटारीचे वजन १,२०० किलोग्रॅम आहे आणि टायरमध्ये हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला २.२ किलोग्रॅम आहे. तर चारही टायर मिळून रस्त्याला टेकलेले क्षेत्रफळ १,२०० ÷ २.२ म्हणजे सुमारे ५४५ चौरस सेंटीमीटर असेल. एका टायरच्या वाट्याला सुमारे १३६ चौरस सेंटीमीटर आले. टपालकचेरीत मिळणारे साधे पोस्टकार्ड १४ सेंटीमीटर लांब आणि ९ सेंटीमीटर रुंद असते. म्हणजे एवढी मोठी मोटार रस्त्याला धरून असते ती जेमतेम चार पोस्टकार्डांएवढ्या जागेने! वेग वाढवणे, वळणे आणि थांबणे ही तिन्ही कामे याच चार पोस्टकार्डांवर होतात.

या जागेतून जास्तीत जास्त किती घर्षणबल मिळेल हे घर्षणांकावर अवलंबून असते. घर्षणबल भागिले वस्तूचा रस्त्यावरील लंब दाब, म्हणजे घर्षणांक. कोरड्या डांबरी रस्त्यावर रबराचा घर्षणांक सुमारे ०.७ असतो. ओल्या रस्त्यावर तो ०.४ पर्यंत उतरतो, चाकांखाली दबून घट्ट झालेल्या हिमावर सुमारे ०.२ आणि गुळगुळीत बर्फावर ०.१ च्या आसपास असतो. बर्फ वितळू लागून वर पाण्याचा थर आला, तर तो ०.०५ पर्यंतही खाली येतो. टायरचा प्रकार आणि तापमान यांनुसार हे आकडे थोडेफार बदलतात, पण त्यांचे आपसातील प्रमाण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कोरड्या रस्त्यावरून बर्फावर येताच आपली पकड सात भागांवरून एका भागावर येते.

थांबण्यासाठी किती अंतर लागते?

मोटारीची गतिज ऊर्जा म्हणजे निम्मे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. घर्षणाने केलेले कार्य म्हणजे घर्षणबल गुणिले अंतर. मोटार थांबते तेव्हा ही दोन्ही सारखी होतात. समीकरण मांडले की वस्तुमान दोन्ही बाजूंनी निघून जाते आणि पुढील सूत्र उरते:

थांबण्याचे अंतर = (वेग × वेग) ÷ (२ × घर्षणांक × गुरुत्वत्वरण)

येथे वेग दर सेकंदाला मीटरमध्ये घ्यायचा आणि गुरुत्वत्वरण ९.८ धरायचे. या सूत्राने सपाट रस्त्यासाठी काढलेली अंतरे अशी आहेत:

ताशी २० किलोमीटर वेग: कोरडा रस्ता २ मीटर, ओला रस्ता ४ मीटर, दबलेले हिम ८ मीटर, बर्फ १६ मीटर.
ताशी ४० किलोमीटर वेग: कोरडा रस्ता ९ मीटर, ओला रस्ता १६ मीटर, दबलेले हिम ३१ मीटर, बर्फ ६३ मीटर.
ताशी ६० किलोमीटर वेग: कोरडा रस्ता २० मीटर, ओला रस्ता ३५ मीटर, दबलेले हिम ७१ मीटर, बर्फ १४२ मीटर.

ही अंतरे ब्रेक लागल्यानंतरची आहेत. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटार आणखी ११ मीटर पुढे गेलेली असते.

या आकड्यांवरून तीन गोष्टी शिकता येतात. पहिली, वेग दुप्पट केला की अंतर चौपट होते. घर्षण कमी करणारा बर्फ आपल्याला हटवता येत नाही, पण वेग आपल्या हाती असतो आणि त्याचा परिणाम वर्गाच्या प्रमाणात होतो. बर्फावर ताशी २० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीला थांबायला जे १६ मीटर लागतात, तेच ओल्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरला लागतात.

दुसरी गोष्ट अशी की सूत्रात वस्तुमान नाही. "आमची गाडी जड आहे, ती घसरणार नाही," असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. जड मोटारीला घर्षणबल जास्त मिळते हे खरे, पण तिची गतिज ऊर्जाही त्याच प्रमाणात जास्त असते.

तिसरी गोष्ट, सूत्रात इंजिनाची शक्तीही नाही. चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळणाऱ्या मोटारी बर्फात निघताना आणि चढ चढताना नक्कीच उपयोगी पडतात, कारण जोर दोन पोस्टकार्डांऐवजी चारांवर वाटला जातो. थांबताना मात्र साध्या मोटारीचीही चारही चाके ब्रेकखाली असतातच. त्यामुळे थांबण्याच्या बाबतीत या महागड्या मोटारीला काहीच जादा मिळत नाही. उलट, ती सहज वेग घेते म्हणून चालकाला रस्ता किती निसरडा आहे याचा अंदाजच येत नाही.

उतार आणि वळण

डोंगरातला रस्ता सपाट नसतो. समजा, २० मीटर गेल्यावर १ मीटर खाली उतरणारा रस्ता आहे आणि घर्षणांक ०.१ आहे. येथे मोटारीच्या वजनाचा विसावा भाग, म्हणजे ०.०५, तिला उताराकडे ओढतो. निम्मे घर्षण ही ओढ सांभाळण्यातच खर्च होते. थांबवण्यासाठी निम्मेच उरते आणि ताशी ४० किलोमीटरला ६३ मीटरऐवजी १२६ मीटर लागतात.

उतार दहास एक असेल, तर ओढ आणि घर्षण समसमान होतात. मग उरलेले बल शून्य. न्यूटनच्या पहिल्या नियमाप्रमाणे मोटार आहे त्याच वेगाने घसरत राहणार! वरचा बर्फ वितळून घर्षणांक ०.०५ वर आला असेल, तर हेच विसास एक अशा सौम्य उतारावरही घडते. आरंभीच्या प्रसंगातली मोटार अगदी सावकाश जात असूनही का थांबली नाही, याचे कोडे येथे उलगडते.

आता वळण पाहू. वळणावर मोटारीला वर्तुळाच्या केंद्राकडे ओढणारे अभिकेंद्री बल लागते आणि तेही घर्षणातूनच मिळते. सुरक्षित वेगाचा वर्ग हा घर्षणांक, गुरुत्वत्वरण आणि वळणाची त्रिज्या यांच्या गुणाकाराएवढा येतो. त्रिज्या २० मीटर धरली, तर कोरड्या सपाट रस्त्यावर ही मर्यादा ताशी सुमारे ४२ किलोमीटर येते. बर्फावर ती ताशी १६ किलोमीटर होते. त्याहून थोडासा वेग अधिक झाला की मोटार वळणाच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे बहुधा दरीकडे, सरकू लागते.

शिवाय घर्षणाची एकूण शिल्लक ठरलेली असते. ती ब्रेकमध्ये पूर्ण खर्च केली, तर वळण्यासाठी काहीच उरत नाही. म्हणून वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर. वळणात ब्रेक नाही, हा नियम घाटातल्या जुन्या चालकांना अनुभवाने ठाऊक असतो. त्यामागचा हिशेब हा असा आहे.

बर्फ निसरडा का असतो?

काचही गुळगुळीत असते, पण तिच्यावर बूट घालून चालताना आपण बर्फावरइतके घसरत नाही. मग बर्फातच असे काय आहे?

दाबाने बर्फाचा द्रवणांक खाली येतो आणि म्हणून पायाखालचा बर्फ वितळतो, असे उत्तर अनेक पुस्तकांत दिलेले असते. दाबाने द्रवणांक खाली येतो हे खरे आहे. पण किती? एका वातावरणाएवढ्या दाबाने तो अंशाच्या एक शतांशाहूनही कमी, सुमारे ०.००७५ अंश सेल्सिअस इतकाच खाली येतो. आपल्या टायरचा दाब सव्वादोन वातावरणांच्या आत आहे. म्हणजे फरक पडला जेमतेम ०.०१६ अंशाचा. रस्ता उणे ५ अंशांवर असताना एवढ्याने बर्फ वितळणे शक्य नाही. तरीही तो निसरडा असतोच.

खरे कारण बर्फाच्या पृष्ठभागातच आहे. १८५० साली मायकेल फॅरडे यांनी बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना लावले की ते चिकटून एक होतात, याकडे लक्ष वेधले. बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्याचा अत्यंत पातळ थर असला पाहिजे, असे त्यांनी सुचवले. पुढे आधुनिक उपकरणांनी या कल्पनेला दुजोरा दिला. बर्फाच्या आतील रेणू सर्व बाजूंनी शेजाऱ्यांना बांधलेले असतात. पृष्ठभागावरच्या रेणूंना वरच्या बाजूला शेजारी नसतो, म्हणून ते सैल असतात. गोठणबिंदूखालीही हा थर काहीसा द्रवासारखा वागतो. त्यात घसरणाऱ्या वस्तूच्या घर्षणाने निर्माण झालेली उष्णता आणखी थोडे पाणी तयार करते. १९३९ साली बाउडन आणि ह्यूज यांनी या उष्णतेचे महत्त्व प्रयोगांनी दाखवून दिले.

यातून व्यवहारातला एक अनपेक्षित निष्कर्ष निघतो. कडाक्याच्या थंडीतला, उणे २० अंशांवरचा बर्फ टायरला त्यातल्या त्यात बरा. सर्वांत वाईट बर्फ शून्य अंशाच्या आसपासचा, ओलसर. म्हणजे "आज थंडी जरा कमी आहे," असे वाटेल तोच दिवस अधिक धोक्याचा असू शकतो.

न दिसणारा बर्फ

पांढरा बर्फ निदान दिसतो. त्याहून घातक असतो तो पातळ, पारदर्शक थर. त्यातून खालचे डांबर दिसते, म्हणून त्याला काळा बर्फ म्हणतात. पाहणाऱ्याला रस्ता नुसता ओला वाटतो.

तो कसा तयार होतो? दिवसा उन्हाने रस्त्याच्या कडेचे हिमाचे ढीग वितळतात आणि पाणी रस्त्यावर ओघळते. डोंगरात सूर्य लवकर कड्याआड जातो. निरभ्र आकाश असेल, तर रस्ता आपली उष्णता प्रारणाने झपाट्याने आकाशाकडे टाकतो आणि त्याचे तापमान वरच्या हवेपेक्षाही खाली जाते. हवेचे तापमान २ किंवा ३ अंश असतानाही रस्त्यावरचे पाणी गोठलेले असू शकते. मोटारीतील तापमापक हवेचे तापमान दाखवतो, रस्त्याचे नव्हे. म्हणून त्यावर ४ अंश दिसू लागले की सावध झालेले बरे.

काळा बर्फ कोठे असेल याचा अंदाज बांधता येतो. पुलाला खालून जमिनीची ऊब मिळत नाही आणि तो वरून व खालून अशा दोन्ही बाजूंनी थंड होतो, म्हणून पूल आधी गोठतो. दिवसभर सावलीत राहणारी वळणे, रस्त्यावरून ओढे वाहतात त्या जागा आणि बोगद्याची तोंडे याही अशाच जागा. रस्ता ओला दिसतो आहे, पण पुढच्या मोटारीच्या चाकांमागे पाण्याचे तुषार उडत नाहीत, किंवा टायरचा नेहमीचा आवाज एकाएकी बंद झाला आहे, तर आपण बर्फावर आहोत असे समजावे.

टायर, साखळ्या, मीठ आणि वाळू

घर्षण वाढवण्याचे काही मार्ग माणसाने शोधले आहेत. साध्या टायरचे रबर तापमान सुमारे ७ अंशांच्या खाली गेले की कडक होऊ लागते आणि रस्त्याच्या खाचखळग्यांत नीट बसत नाही. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्यावर बारीक चिरा असतात. त्यांत हिम अडकते आणि हिम हिमाला धरते. झिजून गुळगुळीत झालेले टायर मात्र बर्फावर घेऊन जाणे म्हणजे निव्वळ अविचार होय.

टायरवर बांधायच्या लोखंडी साखळ्या बर्फात रुततात आणि पकड वाढवतात. इंजिनाची शक्ती ज्या चाकांना मिळते त्यांवर त्या बांधाव्यात, वेग अगदी कमी ठेवावा आणि कोरडा रस्ता लागताच काढाव्यात. त्या बांधण्याचा सराव घरी, उजेडात करावा. काळोखात, गारठलेल्या बोटांनी तो पहिल्यांदा करू नये.

रस्त्यावर मीठ टाकले की पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो. शंभर भागांत २३ भाग मीठ असलेले द्रावण उणे २१ अंशांपर्यंत गोठत नाही. प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र उणे ९-१० अंशांच्या खाली मिठाचा फारसा उपयोग होत नाही, कारण ते बर्फात विरघळायलाच फार वेळ लागतो. तेथे वाळू टाकतात. वाळू बर्फ वितळवत नाही, पण खडबडीतपणा देते.

मोटारीच्या आतही थंडीचा विचार करावा लागतो. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी प्रसरण पावते. इंजिन थंड ठेवणाऱ्या नळ्यांत नुसते पाणी असेल, तर ते गोठून इंजिनाला तडा जाऊ शकतो. म्हणून त्यात एथिलीन ग्लायकॉल मिसळतात. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल यांचे मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत टिकते. साध्या डिझेलमधील मेण थंडीत साखळते आणि गाळणी तुंबते. यासाठी लडाखमध्ये २०१९ पासून उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल उपलब्ध झाले. बॅटरीतील रासायनिक क्रियाही थंडीने मंदावतात, म्हणून जुनी बॅटरी नेमकी पहाटेच दगा देते.

चालकाने काय करावे?

सर्व सूचनांचे सार एकच आहे. रस्ता जेवढे घर्षण देऊ शकतो, त्याहून जास्त त्याच्याकडे मागायचे नाही. ब्रेक, स्टिअरिंग आणि अ‍ॅक्सिलरेटर ही तिन्ही हळुवारपणे वापरावीत.

निघताना पहिल्याऐवजी दुसरा गिअर टाकावा, म्हणजे चाकांवर जोर कमी येतो आणि ती जागच्या जागी फिरत नाहीत. जागच्या जागी फिरणारे चाक खालचा बर्फ घासून अधिकच गुळगुळीत करते. उतारावर आरंभापासूनच खालचा गिअर ठेवून इंजिनाच्या साहाय्याने वेग आवरावा. पुढच्या मोटारीपासून नेहमीच्या कित्येक पट अंतर ठेवावे. चढावर पुढची मोटार अडखळत असेल, तर ती वर पोहोचेपर्यंत खालीच थांबावे.

घसरू लागल्यावर ब्रेक करकचून दाबण्याची इच्छा होते, आणि तीच चूक ठरते. चाक जाम झाले की घर्षण केवळ घसरण्याच्या विरुद्ध दिशेने लागते. पुढची चाके कोठेही वळवली, तरी मोटार वळत नाही. म्हणून जुन्या पद्धतीच्या ब्रेकवरचा पाय किंचित उचलून चाके पुन्हा फिरू द्यावीत आणि जिकडे जायचे तिकडे स्टिअरिंग हळूच वळवावे. हल्लीच्या मोटारींत चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा असते. ती एका सेकंदात अनेक वेळा ब्रेक सोडते आणि लावते. अशा मोटारीत पाय ब्रेकवर तसाच दाबून धरायचा असतो. पायाला थरथर जाणवते, तिने घाबरून जाऊ नये. मात्र ही यंत्रणा वळण्याची क्षमता टिकवते, बर्फाचा घर्षणांक वाढवत नाही. भुसभुशीत हिमावर तर तिच्यामुळे थांबण्याचे अंतर वाढूही शकते.

निघण्यापूर्वी माहिती घ्या

हिमालयातील हिवाळी हिमवृष्टी प्रामुख्याने पश्चिमेकडून येणाऱ्या पश्चिमी झंझावातांमुळे होते. त्यांची चाहूल हवामान खात्याला साधारणपणे काही दिवस आधी लागते. खाते हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल अशा रंगांत इशारे देते. नारिंगी किंवा लाल इशारा असताना खोली आधी घेऊन ठेवली आहे, पैसे भरले आहेत, म्हणून निघणे हा शहाणपणा नव्हे. रस्ता उघडा आहे की बंद, साखळ्यांशिवाय सोडतात की नाही, हे स्थानिक पोलिसांकडून कळते. प्रवास ऊन असताना करावा. दुपारी उशिरा परत फिरू म्हणणाऱ्याला दिवसा वितळलेले पाणी संध्याकाळी बर्फ होऊन भेटते.

इशाऱ्याकडे दुर्लक्ष झाले की काय होते, याचे एक दुःखद उदाहरण आहे. पाकिस्तानातील मरी हे सुमारे २,३०० मीटर उंचीवरचे थंड हवेचे ठिकाण. जानेवारी २०२२ मध्ये जोराच्या हिमवृष्टीचा इशारा देण्यात आलेला असूनही बर्फ पाहायला हजारो मोटारी तेथे गेल्या. ७ जानेवारीच्या रात्री वादळात त्या रस्त्यातच अडकल्या आणि बर्फाखाली गेल्या. सकाळपर्यंत लहान मुलांसह किमान २२ माणसे आपापल्या मोटारींत मरण पावली होती. काही गारठ्याने दगावली, तर काहींचा बळी कार्बन मोनॉक्साइड वायूने घेतल्याचे सांगण्यात आले.

मोटारीत बसल्याजागी वायू कसा येतो? ऊब राहावी म्हणून इंजिन चालू ठेवले जाते. बाहेर बर्फ साचून धूर सोडणाऱ्या नळीचे तोंड बुजते. मग धूर मोटारीखाली कोंडतो आणि फटींतून आत शिरतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी त्याचे बंधन ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक बळकट असते. डोके जड होते, झोप येते आणि झोपेतच माणूस जातो.

म्हणून अडकल्यास पुढील गोष्टी कराव्यात. नळीचे तोंड पुन्हा पुन्हा मोकळे करावे. इंजिन तासात दहा मिनिटांपेक्षा जास्त चालवू नये आणि तेव्हा वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच थोडी खाली ठेवावी. मोटारीत कोळशाची शेगडी किंवा गॅसची चूल कधीही पेटवू नये. वादळात मोटार सोडून चालत निघू नये. पांघरुणे, पाणी, कोरडा खाऊ, विजेरी, फावडे आणि वाळूची एक पिशवी मोटारीत आधीच ठेवलेली असावी. ही वाळू चाकाखाली टाकली की पुष्कळदा मोटार निघते.

करून पाहा

सुमारे एक मीटर लांबीची सपाट फळी घ्या. तिच्यावर जुन्या सायकलच्या टायरचा तुकडा ठेवा आणि त्यावर छोटे वजन बांधा. फळीचे एक टोक हळूहळू उचला. तुकडा घसरू लागताच थांबा. उचललेल्या टोकाची उंची भागिले फळीने जमिनीवर व्यापलेली आडवी लांबी, हा घर्षणांक. आता फळी ओली करून पुन्हा मोजा.

नंतर पसरट ताटात पाण्याचा पातळ थर शीतपेटीत गोठवा आणि ताट फळीवर पक्के बसवून हाच प्रयोग करा. रबराचा तुकडाही आधी थंड करून घ्या, नाहीतर त्याच्याच उष्णतेने बर्फ वितळेल. ताट नुकतेच बाहेर काढले असतानाचे आणि पाच-दहा मिनिटांनी बर्फ ओलसर झाल्यानंतरचे, अशी दोन मापे घ्या. प्रत्येक माप पाच वेळा घेऊन सरासरी काढा. वजन दुप्पट करूनही पाहा. घर्षणांक बदलला का?

स्वाध्याय

१. दबलेल्या हिमावर ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार किती अंतरात थांबेल? (उत्तर: सुमारे १८ मीटर.)
२. विसास एक उतारावर घर्षणांक ०.१ असताना ताशी २० किलोमीटर वेगाची मोटार किती अंतरात थांबेल? (उत्तर: सुमारे ३१ मीटर.)
३. आपल्या घाटांत पावसाळ्यातील पहिल्या सरीनंतर, तेल आणि धूळ यांच्या राड्याने घर्षणांक ०.३ झाला, तर ताशी ६० किलोमीटरला थांबण्याचे अंतर किती होईल? कोरड्या रस्त्याच्या किती पट? (उत्तर: सुमारे ४७ मीटर, २.३ पट.)

तुमच्यापैकी बहुतेकांचे मोटार चालवण्याचे वय अजून झालेले नाही. पण मोटारीत बसणारे तर तुम्ही आहातच. पुढे कधी सहलीला गेलात आणि रस्ता पांढरा दिसू लागला, तर वेगाच्या काट्याकडे पाहा, पुढच्या मोटारीचे अंतर डोळ्यांनी मोजा आणि मनातल्या मनात गणित करा. उत्तर जुळत नसेल, तर संकोच न करता "काका, जरा हळू घ्या," असे म्हणा. त्यांनी कारण विचारले, तर ते तुम्हाला सांगता येईल.